वजनाला कमी

झटका नावाच्या माणसाने आपल्या मेव्हण्याच्या तोंडावर हेल्मेट हाणलं, तेव्हा आधी दातांचा आवाज झाला आणि मग फरशीवर पडलेल्या चष्म्याचा. मेव्हणा भिंतीला पाठ घासत खाली बसला. तोंडाखाली धरलेल्या ओंजळीत रक्त होतं आणि रक्तात समोरचे दोन दात. कारण विचाराल तर एवढंच, की झटक्याने मोटरसायकल दारात आडवी लावली होती आणि मेव्हणा म्हणाला होता, "दाजी, जरा सरळ लावत जा."

झटक्याची बायको भावाकडे घटकाभर बसायला म्हणून नवऱ्याबरोबर आली होती. तिने आरडाओरडा केला नाही. भावाच्या तोंडाला टॉवेल लावला, दात उचलून वाटीत ठेवले, हेल्मेट उचलून कपाटावर ठेवलं आणि मग ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही जा. मी इथेच राहते."

"किती दिवस?"

"तुमचा हात आवरलाय हे मला दिसेपर्यंत. कोणी सांगून नाही. दिसून."

"तू इथे, मी तिथे. दिसणार कसं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

कपाटावरचं हेल्मेट मागायची त्याची छाती झाली नाही. उघड्या डोक्यानेच तो घरी गेला.

झटका हे नाव त्याला शेडमधल्या लोकांनी दिलं होतं. तो वेल्डर. लोखंडी जिने, फाटकं, पाण्याच्या टाक्या जोडणं हे त्याचं काम. वेल्डरचे दोन्ही हात अडकलेले असतात, म्हणून कपाळावर चढवलेला मुखवटा डोळ्यांवर आणायचा तो मानेने. मान जोरात पुढे हिसकली की मुखवटा खटकन खाली. दिवसाला चारशे-पाचशे वेळा, आणि तेही एकतीस वर्षं. शेडमधले बाकीचे वेल्डर अधूनमधून हाताने मुखवटा ओढत, त्यांना तो बायकी म्हणायचा.

पण नाव फक्त मुखवट्यावरून पडलेलं नाही, हे सगळे जाणून होते. त्याचा हातही तसाच खाली यायचा, खटकन. मागून हॉर्न वाजवला म्हणून त्याने एका टेम्पोवाल्याला खिडकीतून बाहेर ओढला होता आणि त्याचं तोंड त्याच्याच बॉनेटवर आपटलं होतं. आपल्या चालण्याची नक्कल केली म्हणून फिटरच्या मनगटावर गरम पाइप टेकवला होता. त्या पाइपाची गोल खूण अजून आहे. फिटर ती नव्या माणसाला दाखवतो आणि म्हणतो, "आमच्या झटक्याची सही."

बायकोवर आपण कधी हात उचलला नाही, असं झटका छातीठोकपणे सांगायचा. ते खरंही होतं. तिच्या आजूबाजूच्या झाडून सगळ्या वस्तूंवर मात्र उचलला होता. घरात एका दाराला धड कडी नव्हती.

मारायला तो कुठे शिकला, हे सांगायला ज्योतिषी नको. लहानपणी बाप त्याला मानगुटीला धरून मांजराच्या पिलासारखा उचलायचा आणि दारावर आपटायचा. वर म्हणायचा, "मान ताठ ठेव, मेल्या." ती मान आता साठीला आली होती आणि ताठ सोडून बाकी काहीच राहत नव्हती. डावीकडे बघायचं तर झटका खांद्यासकट वळायचा. संध्याकाळी शेड सुटली की मानेतून निघालेली कळ कानामागून डोक्यात चढायची आणि दंडातून करंगळीपर्यंत उतरायची. त्यात घरापर्यंतचा बावीस किलोमीटरचा रस्ता, समोरून वारा, आणि डोक्यावर ते हेल्मेट.

ते हेल्मेट म्हणजे त्याचीच करामत. विकत घेतलं तेव्हा साधंच होतं. मग हनुवटीपाशी चीर गेली, तर याने तिथे लोखंडी पट्टी ठोकली. काचेची खिटी निघाली, तर नटबोल्ट बसवले. होता होता वजन सव्वादोन किलोवर गेलं. जड ते भक्कम आणि हलकं ते हलकट, हा त्याचा हिशेब. लोखंडात जन्म गेलेल्या माणसाचा दुसरा हिशेब काय असणार?

बायको गेल्यावर आठवड्याभरात त्याच्या हातातून वेल्डिंगचा होल्डर गळून पडला. बोटं बधिर. फिटरच त्याला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी मानेचा फोटो उजेडासमोर धरला.

"मणके झिजलेत. मुखवटा यापुढे हाताने ओढायचा. मोटरसायकल चालवता ना? हेल्मेट कसलं आहे?"

त्याने अभिमानाने लोखंडी पट्टीची हकिकत सांगितली.

"आज आणलंय?"

"नाही. ते मेव्हण्याकडे राहिलंय."

"राहू दे तिथेच. मानेवर भार चालणार नाही. हेल्मेट बदला, नाहीतर मोटरसायकल सोडा. नाहीतर हा हात कामातून जाईल."

घरी येऊन त्याने बायकोला फोन लावला. "ऐक, डॉक्टर म्हणतात मणके झिजलेत. म्हणजे तो सगळा राग मानेचा होता. माझा नाही."

पलीकडे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. "मान तुमची दुखते आणि दात माझ्या भावाचे पडतात," ती म्हणाली. "दादाला 'स' म्हणता येत नाही. वर्गात शिकवताना पोरं हसतात. ते कोणत्या फोटोत येतं, विचारा डॉक्टरला." शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी तो हेल्मेटच्या दुकानात गेला. दुकान बोळासारखं अरुंद, दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर छतापर्यंत हेल्मेटं. दुकानदार किडकिडीत, मऊ बोलणारा, गळ्यात मोजायचा टेप. झटका शिरला तेव्हा तो एका कडक इस्त्रीच्या गिऱ्हाइकाला मोठं चकचकीत हेल्मेट बांधून देत होता. ते गिऱ्हाईक गेल्यावर त्याने झटक्याकडे पाहिलं. ठिणग्यांनी चाळण झालेला शर्ट, काळी नखं. झटका फळीकडे बघायला वळला, खांद्यासकट.

"चांगलं दाखवा," झटका म्हणाला. मानेचं नाव त्याने काढलं नाही. ते सांगणं त्याला कमीपणाचं वाटलं.

दुकानदाराने मान डोलावली. "तुमच्यासारख्याला हलकंच बरं."

पुढचं झटक्यालाही नीट आठवत नाही. दुकानदाराची गचांडी धरून त्याने त्याला काउंटरवरून अलीकडे ओढला, तेव्हा काउंटरची काच फुटली. पहिला ठोसा नाकावर बसला. दुसऱ्याला दुकानदार फळीवर गेला आणि वरची सगळी रांग दोघांच्या अंगावर कोसळली. हेल्मेटं टरबुजांसारखी गडगडत रस्त्यापर्यंत गेली. "हलकं? मला हलकं?" असं म्हणत त्याने तिसऱ्यांदा हात मागे नेला आणि सवयीने मान पुढे हिसकली.

मान तिथेच अडकली.

मानेतून तापलेली सळई आरपार गेल्यासारखं झालं. मागे नेलेला हात मागेच राहिला. दुसऱ्या मुठीत दुकानदाराची कॉलर होती आणि ती मूठही सुटेना. दोघं तसेच उभे राहिले, एकमेकांच्या तोंडावर श्वास टाकत. दुकानदाराच्या नाकातलं रक्त झटक्याच्या मनगटावर टपटपत होतं.

"मानेसाठी म्हणालो हो," दुकानदार कसाबसा म्हणाला. "तुमची मान वळत नाही, दिसलं मला. हलकं म्हणजे वजनाला. वजनाला कमी."

बोलायलाही मान लागते, हे झटक्याला तेव्हा कळलं.

दुकानदाराने त्याची बोटं एकेक करून कॉलरवरून सोडवली, त्याला धरून स्टुलावर बसवलं आणि स्वतःच्या नाकात रुमालाची घडी कोंबली. मग गळ्यातला टेप हातात घेतला. "बोला. पोलिसांना बोलावू की माप घेऊ?"

"माप घ्या," झटका खाली बघत म्हणाला.

भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, दुकानदाराने माप घेतलं. भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून टेप डोक्याभोवती फिरवला. बोलताना नाकातल्या रुमालामुळे त्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. "जडपणामुळे डोकं वाचतं हा गैरसमज आहे. वाचवतं ते आतलं थर्माकोल. सैल हेल्मेट वाऱ्याने मागे ओढलं जातं आणि ते रस्ताभर धरून ठेवायचं काम मान करते. घट्ट हवं. हलवलं तर गालाची कातडी हलली पाहिजे, हेल्मेट नाही."

त्याने एक काळं, निमुळतं हेल्मेट आणलं, हातभर लांबूनच झटक्याच्या डोक्यावर चढवलं आणि ओढून पाहिलं. गाल हलले. "आता अर्धा तास बसा. कपाळ दुखलं तर आकार चुकलाय, दुसरं बघू."

अर्धा तास झटका डोक्यावर हेल्मेट घालून फुटलेल्या काचा गोळा करत होता. एक काच तळहातात घुसली, ती दाताने उपसायला त्याने हात तोंडाकडे नेला आणि तो हेल्मेटच्या काचेवर आपटला. दुकानदाराला हसू आलं, पण नाक दुखलं म्हणून त्याने ते आवरलं. कपाळ दुखलं नाही. मानेवर काही आहे असंच वाटेना. झटक्याला थोडं उघडं पडल्यासारखं झालं.

निघताना दुकानदार म्हणाला, "एक लक्षात ठेवा. जोराचा मार बसलेलं हेल्मेट पुन्हा घालायचं नाही. वरून धड दिसतं, आतून गेलेलं असतं."

पुढचा महिनाभर झटका मुखवटा हाताने ओढत होता. पहिल्या दिवशी फिटर म्हणाला, "काय झटकेराव, बायकी झालात." झटक्याने त्याच्या मनगटावरच्या गोल खुणेकडे पाहिलं आणि मुखवटा ओढून घेतला. पण हे बायकोला दिसत नव्हतं. आणि दुकानातलंही तिला दिसलं नव्हतं, हा विचार त्याला मानेपेक्षा जास्त छळत होता.

मग एका रविवारी दुपारी तो मेव्हण्याच्या दारात गेला. मोटरसायकल भिंतीला लागून सरळ लावली. हेल्मेटचं बक्कल काढायला हात वर नेला, तोच दार उघडलं. मेव्हण्याने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मोटरसायकलकडे. तो आत गेला आणि कपाटावरचं जुनं हेल्मेट घेऊन बाहेर आला.

"आज थरळ लावलीत, दाजी," तो म्हणाला.

पहिला फटका डोक्याच्या मधोमध बसला. सव्वादोन किलो. झटक्याचे गुडघे वाकले आणि मानेतून खालपर्यंत आग उतरली. दुसरा कानावर. तिसऱ्याला लोखंडी पट्टी काच फोडून आत आली आणि ओठ फाटला. उजव्या हाताने त्याने मोटरसायकलचं कॅरिअर धरून ठेवलं होतं. डावा हात मात्र त्याला न विचारता वळला, मूठ झाला आणि वर आला.

दारात बायको उभी होती. गळ्यात शिवणकामाचा टेप, हातात कात्री. ती मेव्हण्याकडे बघत नव्हती, झटक्याच्या रक्ताकडेही नाही. ती त्या मुठीकडे बघत होती.

झटक्याने मूठ पँटच्या खिशात घातली. ती तशीच, आवळलेली.

चौथा फटका खांद्यावर बसला, पाचवा पुन्हा डोक्यावर. मग मेव्हण्याच्या हातातलं बळ संपलं. त्याने हेल्मेट टाकून दिलं आणि तो पायरीवर बसून रडू लागला. आयुष्यात त्याने पहिल्यांदाच कोणाला मारलं होतं.

"दादा, तू आत जा," बायको म्हणाली. मग तिने पुढे येऊन झटक्याचं बक्कल काढलं आणि हेल्मेट वर उचललं. आत हात घालून पाहिलं. थर्माकोलला चीर गेली होती.

"हे आता बाद," झटका म्हणाला. ओठ सुजल्याने शब्द जड येत होते. "दुकानदाराने सांगितलंय. आणि त्या दुकानदाराला मी मारलं. नाक फोडलं. तुला दिसलं नाही, म्हणून सांगतो."

तिने हेल्मेट पायरीवर उपडं ठेवलं.

"कशावरून?"

"मला हलकं म्हणाला."

"आणि तुम्ही आहातच की," ती म्हणाली. "घरी येण्याचं मी आज काही बोलत नाही. उद्या आधी त्या दुकानात जायचं. मी येते."

दुसऱ्या दिवशी दोघं बसने गेली. काउंटरला नवी काच बसली होती. दुकानदाराने झटक्याचा सुजलेला ओठ पाहिला आणि तो एक पाऊल मागे सरकला. मग त्याला बाई दिसल्या.

"यांना हलकं दाखवा," बायको म्हणाली.

दुकानदाराचा हात आपोआप नाकाकडे गेला. "वजनाला कमी म्हणायचंय ना तुम्हाला?"

"नाही," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या हातांकडे बघत राहिली. "हलकं."

झटका स्टुलावर बसला. दोन्ही तळहात मांड्यांवर उघडे ठेवले आणि सावकाश, दुखणार नाही इतक्या सावकाश, त्याने मान खाली घातली.

दुकानदाराने गळ्यातला टेप काढला.