माहेरची नावं

मापुत्स्वेच्या जीन्स कारखान्यात मालिकेलेली नावाची बाई तेरा वर्षं दोरे छाटते आहे. दिवसभर, उभ्यानं. सगळे तिला म्मे म्हणतात, म्हणजे आई. मी तिच्या शेजारी उभी असते. विद्यापीठात साहित्य शिकले. नोकरी इथं मिळाली.

कारखान्यानं युनियनला मान्यता द्यावी, एवढंच तिला हवं होतं. तिचे गुडघे सुजतात. एकटीनं स्टूल मागितलं तर फोरमन दार दाखवतो. मान्यतेसाठी निम्म्याहून जास्त कामगारांच्या सह्या लागतात आणि आम्ही आहोत सहाशे बारा. अक्षर बरं म्हणून प्रत्येकीचा अर्ज मी भरला. फाटकाबाहेर भजी विकणाऱ्या बाईच्या छत्रीखाली बसून बायकांना नावं विचारली, लिहिली, सह्या घेतल्या. तीनशे चाळीस झाल्या. हजेरीकार्डाच्या नंबराचा रकाना रिकामा सोडला. बायका म्हणाल्या, नंबर दिला की फोरमन थेट मशीनपाशी येतो.

कामगार अधिकारी सेखोन्याना यांनी अर्ज परत पाठवले. त्यातल्या दोनशे अकरा बाया कारखान्याच्या रजिस्टरात नव्हत्याच.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. आमच्यात लग्न झालं की सासरचे सुनेला नवं नाव देतात. पोटी पोर यायच्या आधीच ती मा-अमका, म्हणजे अमक्याची आई, होते आणि जन्मभर तेच नाव चालतं. माहेरचं नाव उरतं ते ओळखपत्रावर; सासरी त्या नावानं हाक मारणं आगाऊपणाचं. रजिस्टर ओळखपत्रावरून करतात. माझ्या आईलाही दोन नावं आहेत. तरी मला सुचलं नव्हतं.

म्मे रागावली नाही.

"चार वर्षं पुस्तकं वाचलीस, पोरी," ती म्हणाली, "आणि बाईला नाव विचारता येईना."

दुरुस्तीला शुक्रवारपर्यंत मुदत होती. मॅनेजरनं निरोप पाठवला, ज्यांनी सह्या केल्या त्यांनी ऑफिसात येऊन खरी नावं सांगावीत. कोण जाणार? शुक्रवारी सकाळी म्मे ठेवणीतलं ब्लँकेट पांघरून कामगार कचेरीत गेली. अर्जांचा गठ्ठा घेऊन मी मागे. कारखान्याची कारकूनबाई रजिस्टर उघडून बसली होती. सेखोन्यानांनी विचारलं, या बायांची ओळख कोण पटवणार? म्मे म्हणाली, मी सांगते. तुम्ही सही ताडून बघा.

कारखान्यातल्या कुठल्याही बाईचे आईबाप गेले की म्मे तिच्या माहेरगावी मयताला जाते. तिथल्या म्हाताऱ्या त्या बाईला गळ्याशी धरतात आणि लहानपणीच्या नावानं हाक मारून रडतात. म्मे ते ऐकते. विसरत नाही.

मी पहिला अर्ज वाचला. माचेपो.

"दुसऱ्या लाइनची ना? ती केनेवे. बाताउंग कुळातली, लेरिबेच्या डोंगराकडची. तिच्या बापाच्या मयताला कापायला आणलेला बैल सुटला होता."

कारकूनबाईला केनेवे सापडली. सेखोन्यानांनी पगारपत्रकावरची सही जुळवली आणि खूण केली. पुढचा अर्ज. त्याच्या पुढचा. अकराच्या सुमारास कारकूनबाईनं हळूच विचारलं, म्मे, माझं नाव ठाऊक आहे का?

"लिंफो. आजीच्या मयताला लाल बूट घालून आली होतीस."

सेखोन्यानांनी चष्मा पुसायला घेतला. हसत होते.

अठरा बायकांची नावं तिला येईनात. प्रत्येकीच्या वेळी तिनं एकच सांगितलं, "हिच्या घरी अजून कुणी मेलं नाही. देवाची कृपा."

मग गठ्ठ्यातून तिचाच अर्ज निघाला. मी वाचला, मालिकेलेली. तिचे आईबाप कधीच गेले होते, माहेरच्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तिनं ब्लँकेटची पिन काढली, पुन्हा लावली.

"मोसेले," ती म्हणाली. "लिहा. मोसेले."

सही जुळली.

दुपारी बेरीज झाली. तीनशे बावीस. लागत होत्या तीनशे सात. सेखोन्यानांनी शिक्का मारला. पुढच्या आठवड्यात मॅनेजरनं मान्यतेच्या करारावर सही केली आणि कागद हजेरीच्या घड्याळाशेजारी लागला. बायकांनी तो वाचला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी बोटांनी चाचपला.

कारकूनबाईच्या पोटात काही राहिलं नाही. आता कुणीतरी लाइनच्या त्या टोकाहून हाक मारतं, मोसेले, अगं मोसेले. म्मे कात्री उगारते. म्हणते, तुझ्या सासूला सांगू का? पण ओ देते.