तिसरा चौकोन

ओदिलियाला चष्मा लागून दोन वर्षं झाली होती, पण तो तिच्या नाकावर कमी आणि भाकरीच्या पिशवीत जास्त असायचा. त्या बुधवारी तिने तो लावला, तोसुद्धा टोळीत नवीनच आलेली एक बाई पिच्छा सोडेना म्हणून.

फेब्रुवारी महिना, द्राक्षवेलींची छाटणी ऐन भरात. दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. वेलींच्या रांगेच्या टोकाला बायका उलट्या क्रेटांवर बसल्या होत्या. छाटलेल्या काड्या पेटवून त्यावर लोखंडी पत्रा ठेवला होता आणि पत्र्यावर मक्याच्या भाकरी गरम होत होत्या. नव्या बाईने अंगरख्याच्या आतून घडी घातलेला कागद काढला.

"दोन्या ओदिलिया, माझ्या पोराच्या पुढच्या वर्षीच्या विषयांचा शाळेचा कागद. शुक्रवारी द्यायचाय म्हणे." टोळीत मोठ्या बाईला मानाने दोन्या म्हणायची रीत होती.

"त्यात बघायचं काय एवढं? गणिताच्या रकान्यात वरून तिसरा चौकोन. फुली मार, सही कर, मोकळी हो."

"लोक म्हणाले, तुम्हाला दाखवल्याशिवाय देऊ नको."

"दाखवलंस ना? झालं."

"पण तिसऱ्याला लिहिलंय काय?"

"बीजगणित लिहिलंय, दुसरं काय लिहिणार!" म्हणत ओदिलियाने वैतागून पिशवीतून चष्मा काढला, काच अंगरख्याला पुसली, तो नाकावर चढवला आणि कागद डोळ्यांसमोर धरला.

तिसऱ्या चौकोनासमोर लिहिलं होतं, गणिताचा पाया. बीजगणित त्याच्या खाली होतं, चौथं. शाळेने यंदा मध्ये एक नवी ओळ घुसवली होती.

पत्र्यावर तिची भाकरी करपत होती. तिला वास आला, पण ती पुन्हा तीच ओळ वाचत राहिली.

रविवारी तिने नऊ घरांचे कागद भरून दिले होते. नऊच्या नऊ तिसऱ्या चौकोनावर फुली. सोमवारी सकाळी कामावर जाता जाता स्वतःच्या हाताने शाळेच्या पेटीत टाकले होते आणि टाकल्यावर पेटीवर थाप मारली होती.

शेतातली बाई शाळेच्या कागदांत कशी शिरली, त्यामागे तिचा थोरला आहे, सेनोन. तो नववीत जायचा होता तेव्हा असाच कागद घरी आला होता. ओदिलिया सीमेपलीकडून, वाहाकाच्या डोंगरातून आलेली, घरात बोली मिश्तेको. स्पॅनिशसुद्धा तिला तेव्हा बाजारापुरतीच यायची, मग वाचणं लांबच. तिकडे गावात मास्तर म्हणेल ते खरं, मास्तराला उलट विचारणं म्हणजे उद्धटपणा. तिने कागदाला हात जोडले आणि खाली अंगठ्याएवढी सही केली. शाळेने सेनोनला गणिताच्या पायात बसवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तसलंच काहीतरी. अकरावीत कुठे बीजगणित लागलं, बारावीत भूमिती, आणि विद्यापीठाला लागणारी गणिताची तिसरी पायरी चढायला वर्षच उरलं नाही. पोरगा कधी नापास झाला नाही, कधी खाडा केला नाही. सरकारी विद्यापीठाची बाई शाळेत आली तेव्हा तिने त्याचा कागद पाहिला आणि म्हणाली, "छान मुलगा आहेस. पण तुझे विषय आमच्याकडे धरत नाहीत."

चार वर्षांत हे एकानेही सांगितलं नाही. चार वर्षांत या मायलेकांनीही एकदा विचारलं नाही. सेनोन आज बेदाण्याच्या कारखान्यात क्रेट उचलणारी गाडी चालवतो. त्याने आईला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच तिला खातं.

त्यानंतर ओदिलिया रात्रशाळेत जाऊन वाचायला शिकली. शाळेच्या सभेत उभी राहून भांडायला शिकली. दर फेब्रुवारीत रविवारी लाँड्रीच्या दुकानात, कपडे सुकवणाऱ्या यंत्रांसमोर, ती कागद घेऊन बसायची. तिकडे लोक बसलेलेच असतात, कपडे फिरेपर्यंत कुठे जाणार? ज्यांना अक्षर येत नाही त्यांना ती जागा दाखवायची. गणितात वरून तिसरा, शास्त्रात वरून पहिला. गेल्या वर्षीचा कागद तिने प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला चिकटवला होता. "डोळे मिटून सांगते," असं म्हणायची, आणि यंदा खरंच डोळे मिटूनच सांगितलं.

सगळ्यात जास्त बोचत होती फाउस्ता. फाउस्ताच्या पोरीच्या, यारित्साच्या बाप्तिस्म्याला ओदिलिया धर्ममाय म्हणून उभी होती. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या, सख्ख्या बहिणींहून घट्ट. रविवारी फाउस्ताने कागद आणला तो आधीच खूण केलेला, चौथ्या चौकोनावर.

"यारित्सा म्हणते, हाच बरोबर," फाउस्ता हळूच म्हणाली होती.

"यारित्सा म्हणते? मी हे कागद भरायला लागले तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते!" आणि ओदिलियाने सगळ्या बायकांसमोर खोडरबर घेऊन ती फुली स्वतः खोडली होती. फाउस्ता मान खाली घालून चादरींच्या घड्या घालत राहिली.

हे आठवलं आणि ओदिलिया क्रेटावरून उठली. तिने कात्री कमरेला खोचली आणि मुकादमाला न विचारता रस्त्याकडे चालायला लागली.

"ओ बाई, अजून अर्धी रांग बाकी आहे!" मुकादम ओरडला.

"तुझ्या बायकोला सांग छाटायला!"

शाळेच्या कचेरीत मिसेस ब्रागा बसतात. तुटक्या स्पॅनिशमध्ये बोलतात, पण बोलतात तरी. त्यांनी ऐकून घेतलं आणि मागच्या फडताळातून गठ्ठा काढला. सगळ्यात वर यारित्साचाच कागद होता, चौथ्या चौकोनात खोडल्याचा काळा डाग.

"द्या इकडे, मी बदलते."

"तुम्ही या नऊ मुलांच्या आई आहात का?"

"नाही."

"मग नाही देता येणार. ज्याची सही त्यानेच यायला हवं. शुक्रवारी तीनपर्यंत. तीनला मी हे यंत्रात घालते आणि मग ऑगस्टमध्ये वेळापत्रकच हातात येतं."

या टेबलावर ओदिलियाने आजवर बरेचदा हात आपटला होता. आताही हात उचलला गेला. पण आपटायचा कोणावर? ओळ शाळेने बदलली हे खरं, पण कागदावर ती स्वच्छ छापलेली होती. वाचायचं काम तिचं होतं. हात तसाच खाली आला.

त्या संध्याकाळी ती दारोदार फिरली. एकाने हसून सोडून दिलं, एकीने शिव्या घातल्या, बाकीचे "बघू, मुकादम सोडतो का" म्हणाले. छाटणीला वेलीमागे मजुरी. दिवस मोडला की ताटातलं जातं. कागदासाठी कोण दिवस मोडणार? एलिसेओच्या दाराला कुलूप होतं. हा एलिसेओ बायको गेल्यापासून मुलाला एकटाच सांभाळतो. रविवारी त्याने कागदाकडे पाहिलंही नव्हतं. "तुम्ही म्हणताय ना दोन्या, मग झालं," म्हणून फुली मारली होती आणि जाताना तिला अर्धा डझन संत्री देऊन गेला होता. तिने फोन लावला. वाजत राहिला.

फाउस्ताचं दार तिने त्या दिवशी टाळलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी सकाळी, फाउस्ताची टोळी जिथे तारांना काड्या बांधत होती, तिथे ती चिखल तुडवत गेली.

"कोमाद्रे, जरा इकडे ये."

"बोल की. इथे काय कोणाला कान नाहीत?" फाउस्ताने मान वर केली नाही.

म्हणजे सगळ्यांसमोर. रविवारीही सगळ्यांसमोरच होतं.

"माझं चुकलं. यारित्साचा चौकोन बरोबर होता. मी खोडला."

काड्या बांधणारे हात थांबले. मागून कोणीतरी खिदळलं, "आज सूर्य कुठून उगवला गं?"

"ठाऊक होतं मला," फाउस्ता म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"की तू चुकलीस. पोरीने मला दाखवलं होतं. जे विषय विद्यापीठ धरतं, त्यांच्यापुढे बारीकसा तारा आहे छापलेला. चौथ्याला होता, तिसऱ्याला नव्हता. मला अक्षर येत नाही बाई, पण तारा दिसतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू दिलंस?" आता फाउस्ताने वर पाहिलं. "मुकादम सांगतो ही रांग छाट, ती सोड. का, ते सांगत नाही. तूही तेच केलंस. पाच वर्षं आम्हाला चौकोन दाखवतेस, तारा एकदाही दाखवला नाहीस. का? आमच्या डोक्यात शिरला नसता?"

ओदिलियाच्या जिभेवर तिखट उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं. तारा तिला माहीत होता. तारा समजवायला वेळ लागतो आणि चौकोन दाखवायला लागत नाही, एवढंच त्याचं कारण होतं.

"उद्या तीनला गठ्ठा यंत्रात जाईल," ती म्हणाली. "लोक यायला तयार नाहीत."

फाउस्ताने एक काडी तारेला गुंडाळली, गाठ मारली आणि मग म्हणाली, "कागदासाठी बोलावलंस तर नाहीच येणार. तेकियो म्हणून बोलाव."

गावाकडे रस्ता वाहून गेला की चर्चची घंटा व्हायची आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन निघायचा. त्याला तेकियो म्हणत. ना मजुरी, ना सबब. जो येणार नाही त्याचं नाव गाव विसरायचं नाही.

"आणि एक," फाउस्ता म्हणाली, "उद्या तू कोणाच्या कागदाला बोट लावायचं नाहीस."

तेकियोची हाक घरोघर गेली आणि शुक्रवारी सव्वादोनला शाळेच्या स्वच्छ फरशीवर चिखलाच्या बुटांची रांग लागली. कमरेला कात्र्या तशाच. मिसेस ब्रागांनी फरशीकडे पाहिलं आणि गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. एक, दोन, पाच, सात. फाउस्ता सगळ्यांत पुढे उभी राहून प्रत्येकाला तारा दाखवत होती. "हे बघ, हा. असला की दार उघडं. नसला की सेनोनसारखं." ओदिलिया भिंतीला टेकून उभी होती. सेनोनचं नाव ऐकलं तरी ती पुढे झाली नाही, हात अंगरख्याच्या खिशातच ठेवले. आजच्या दिवसाची अटच ती होती.

आठवी सही फाउस्ताची. तिने खोडल्याचा डाग बोटाने चाचपला, त्याच्यावरच फुली मारली आणि अंगठ्याएवढी सही केली.

आठ झाले. घड्याळात दोन पन्नास. ओदिलिया एलिसेओचा नंबर लावत होती. मग रांगेतला एक जण म्हणाला, "तो गेला की. बुधवारी दुपारीच. पोराला घेऊन समुद्राकडे, स्ट्रॉबेरीला. परवापासून तिकडे काम लागलंय."

"परत कधी?"

"बेदाण्याला. ऑगस्टअखेर."

ओदिलिया खिडकीशी गेली. "मिसेस ब्रागा, नववा कागद माझ्यामुळे चुकलाय. त्या माणसाने वाचलासुद्धा नाही, माझ्यावर सोडला."

"मला कळतंय हो. पण सही त्याची आहे." त्या खिडकीतून पुढे वाकल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ऑगस्टच्या मध्यावर शाळा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस विषय बदलायला मिळतात. दोनच. जागा उरली असली तर. पण बाप इथे हवा."

तीन वाजता गठ्ठा यंत्रात गेला. यंत्राने एकेक पान आत ओढलं. नववं पान कोणतं ते ओदिलियाला कळलं नाही. सगळी सारखीच दिसत होती.

रविवारी लाँड्रीत भिंतीवरचा प्लास्टिकचा कागद नव्हता. शुक्रवारी आपला कागद देऊन मोकळ्या झालेल्या टोळीतल्या त्या नव्या बाईला फाउस्ता बाकावर बसून त्याच्याही पुढच्या वर्षीचे विषय दाखवत होती. "दोन्या ओदिलिया, बरोबर आहे ना हे?" बाईने विचारलं.

"मला काय विचारतेस? तारा आहे का बघ," ओदिलिया म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता आणि फोन कानाला. समुद्राकडे एलिसेओच्या फोनची घंटी वाजत होती, कोणी उचलत नव्हतं. तिने फोन बंद केला, फिरणाऱ्या चादरींकडे थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा लावला.