शालूच्या बापाचे रविवार

राजूरच्या गणपतीच्या देवळाबाहेर उषाबाई दूर्वा-फुलं विकायच्या. लेक तृप्तीची फारकत झाली आणि सहा वर्षांच्या शालूला घेऊन ती माहेरी आली. कोर्टानं ताबा आईकडं दिला. बापाला दुसऱ्या अन् चौथ्या रविवारी, अकरा ते चार, आजीच्या नजरेसमोर भेटायची मुभा. संसार मोडायला दोघंही कारण होते, पण उषाबाईंच्या लेखी सगळा दोष जावयाचा, अंगदचा.

भेटीच्या पहिल्या रविवारी अंगद शहागडहून दोन गाड्या बदलून आला. शालू आजीच्या पदराआड शिरली ती निघेचना. त्यानं तिला ओढलं नाही, कोर्टाचा कागदही काढला नाही. शेजारी पोत्यावर चारपर्यंत बसला आणि "येतो मामी," म्हणून गेला. उषाबाईंनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. पुढच्या खेपेलाही तेच.

तिसऱ्या खेपेला संकष्टी आली. गिऱ्हाइकांची ही गर्दी. न सांगता अंगद दूर्वांच्या जुड्या बांधू लागला. पदराआडून शालू बघत होती.

"ह्यात एकोणीसच हैत," ती म्हणाली.

"मंग किती लागतात?"

"एकवीस. तुला मोजता येत न्हाई का?"

"न्हाई. तू शिकीव."

शालू त्याच्या पुढ्यात येऊन बसली. बोट धरून त्याला एकवीसपर्यंत मोजायला लावलं, चुकला तिथं रागावली. शहागडला खताच्या दुकानात दिवसभर पोती मोजणारा तो माणूस. उषाबाईंना ते ठाऊक होतं. दुपारी त्यांनी त्याच्यापुढंही भाकरी ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला चार दिवस शहागडला न्यायची परवानगी अंगदनं मागितली. तृप्ती अडखळली. "आई, तुला काय वाटतं?"

"पाठव. त्याच्यापाशी हसती पोरगी."

दोघांच्या संमतीनं कोर्टानं तसा आदेश दिला. न्यायच्या दिवशी शालू आईच्या गळ्यात पडली, मग आपणच चप्पल घालून दारात उभी राहिली. उषाबाईंनी पिशवी अंगदच्या हाती दिली.

"झोपताना पाय दाबावे लागतात तिचे. अंधारात भेती, बारका दिवा राहू दे. दूध कोमट लागतंय."

"मला ह्यातलं काहीच माहीत न्हवतं, मामी."

"म्हणून तर सांगून राह्यले."

अंगदनं पिशवी खाली ठेवली, मोबाइल काढला. "परत एकदा सांगा. लिहून घेतो."

उषाबाई उंबऱ्यावर टेकल्या आणि पहिल्यापासून, सावकाश सांगू लागल्या.