दादाची खाऱ्या पाण्याची टाकी

माझा मोठा भाऊ आखातातून कायमचा परत आला तेव्हा त्याचा डावा डोळा गेलेला होता आणि उजवा जायच्या बेतात होता. तिकडे एका मॉलमध्ये समुद्री माशांची भिंतभर टाकी होती. तिचे पाइप, पंप आणि गाळण्या सांभाळायचं काम त्याने बरीच वर्षं केलं. साखरेच्या आजाराने डोळ्यांचे पडदे खराब केले. अकोल्याच्या डॉक्टरांनी लेझर झाल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं, की आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. बाजूला घेऊन काही उपयोग झाला नाही. दादाला सगळं ऐकू गेलं होतं.

मोताळ्याच्या घरात आम्ही तिघं: आई, मी आणि आता तो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकदा जेवताना तो म्हणाला, "मले घरात समुद्राची टाकी लावायची हाये. लहानशीच. पोवळी अन् दोन मासे."

"इथं?" आई म्हणाली. "इथं नळ कधी येते त्याचा भरोसा नाई, बापा."

"तितकं पाणी नाई लागत. एकदा भरली की भरली." मग घास हातात धरूनच म्हणाला, "दिसते तवरोक पाहून घेतो म्हणतो."

आईने त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली.

मलकापूरच्या काचवाल्याकडून दोन टाक्या करून आणल्या. मोठी वर ठेवायची, छोटी तिच्या खालच्या कपाटात. वरच्या टाकीच्या मागच्या काचेला एक भोक. त्यातून पाणी खाली उतरणार, छोट्या टाकीत गाळलं जाणार आणि पंप ते दुसऱ्या पाइपने पुन्हा वर चढवणार. पाइप आणि ते वळवायचे एल्बो मी इथल्याच हार्डवेअरच्या दुकानातून घेतले. दुकानदाराने विचारलं, "बाथरूम काढून राह्यले का, मॅडम?" मी हो म्हटलं. त्याला काय सांगत बसणार.

दादा जमिनीवर बसायचा आणि मी त्याच्यासमोर. तो माप वितीने सांगायचा, मी आरीने कापायची. कापलेली कड घासायची, सोल्युशन लावायचं, पाइप आत दाबून थोडा फिरवायचा आणि घट्ट धरून ठेवायचा. माझा पहिला एल्बो बसला तेव्हा त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"वाकडा हाये. काप."

"थोडासाच तर हाये."

"काप, बाई."

कापला. दुसराही कापावा लागला. तिसऱ्यावर त्याने अंगठा फिरवला आणि काहीच बोलला नाही, तेव्हा मला पोरासोरांसारखा आनंद झाला. ते चार-पाच दिवस तो बरा जेवत होता. आईने हे मला हळूच सांगितलं.

मग साधं पाणी भरून पाहिलं. पंप सुरू झाला, पाणी खाली-वर फिरू लागलं. दादा कपाटाला कान लावून बसला होता. "गळून राह्यलं," तो म्हणाला. मला कुठे थेंब दिसेना. त्याने काचेमागे हात घातला, भोकाभोवतीचा नट चाचपला आणि ओलं बोट मला दाखवलं. रबरी वायसर टाकीच्या आतून हवा होता, मी बाहेरून बसवला होता. सगळं पाणी काढून तो नीट बसवला.

"आता बटन बंद कर," तो म्हणाला. "लाइन गेली असं समज."

मी बंद केलं. पंप थांबला, पण पाणी थांबलं नाही. वर चढायच्या पाइपातून ते उलटं खाली येऊ लागलं. छोटी टाकी भरली, पाणी कपाटातून बाहेर आलं आणि फरशीवरून आईच्या गव्हाच्या कोठीपर्यंत गेलं. आई पोतेरं घेऊन धावली. वर चढणाऱ्या पाइपाला वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडावं लागतं. पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते आणि पाण्याची धार तुटते. ते भोक सांगायचंच दादाकडून राहून गेलं होतं.

तो तसाच ओल्यात बसून होता. "तिकडं हे मीच नव्या पोराइले शिकवत होतो," तो म्हणाला. त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

भोक पाडलं. समुद्री मिठाची गोणी कुरियरने आली. आरओच्या पाण्यात ते मीठ कालवलं, दगड रचले आणि थांबलो, कारण पाणी जिवंत व्हायला, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढायला, कित्येक आठवडे जातात. त्याच आठवड्यांत एका सकाळी दादाच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. तोंड धुताना तो म्हणाला, "आरशावर काय सांडलं?" आरसा स्वच्छ होता. पुन्हा अकोला, पुन्हा लेझर, एक सुई. डॉक्टरांनी या वेळी मला बाजूलाही घेतलं नाही.

मला वाटलं आता तो टाकीचं नाव काढणार नाही. पण त्याने मुंबईला फोन करून पार्सल सांगितलं. थर्माकोलच्या खोक्यात पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे आले आणि दगडांच्या तुकड्यांना चिकटलेली पोवळी. पोवळी मिटलेली होती, कुस्करलेल्या चिंध्यांसारखी. दोन दिवस तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी शाळेला निघताना पाहिलं तर सगळी उघडलेली. मी दादाला हात धरून आणलं. त्याने काचेला नाक लावलं.

"कुठं?"

मी त्याचं बोट काचेवर नेमकं त्यांच्यासमोर टेकवलं.

"निळं दिसून राह्यलं," तो म्हणाला. "दिव्याचं निळं. बाकी काई नाई. तू सांग."

दिवसभर पोरांना शिकवणारी मी, पण मला सांगता येईना. हिरवी आहेत म्हटलं, कडेला नारिंगी, बटनाएवढी, हलतात. त्याने विचारलं, "मधात बारीक तोंड दिसते काय?"

"हाव, दिसते."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला आणि भिंत चाचपत आत गेला.

पुढे ऊन चढलं. पाणी थंड ठेवायला आई फ्रिजमध्ये बाटल्या गोठवायची आणि खालच्या टाकीत सोडायची. टाकीवर पंखा लावला. दुपारी लाइन जायची, इन्व्हर्टर थोडा वेळ ओढायचा. पंप बंद पडला की घरात सगळ्यांत आधी दादाला कळायचं. मग एका दुपारी आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळला. इन्व्हर्टर संपला. आई आणि मी तांब्याने पाणी काढून उंचावरून परत टाकीत ओतत राहिलो, हवा मिळावी म्हणून. दुसऱ्या दिवशीही लाइन नव्हती. पाण्यात हात घातला तर अंघोळीला काढल्यासारखं गरम लागलं.

दादा भिंतीच्या आधाराने आला. "वास आला," तो म्हणाला. "मेले काय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हाव, दादा. दोन्ही."

"अन् पोवळी?"

"पांढरी पडली. गळून राह्यली."

त्याने मान हलवली. "इथं टिकणारच नव्हतं. मले माहीत होतं."

"मंग काऊन लावली रे?" आईच्या आवाजात राग नव्हता.

"नुसतं बसून काय करू मंग, आई?"

ते पाणी झाडांना घालता येत नव्हतं. मिठाने शेवगा मेला असता. बादल्या भरून रस्त्याकडेच्या गटारात नेऊन ओताव्या लागल्या. दादाने एक बादली मागितली. मी अर्धी भरून दिली. एक हात माझ्या खांद्यावर ठेवून तो आला, ओतली आणि म्हणाला, "दुसरी दे." शेवटपर्यंत तो माझ्यासोबत ये-जा करत होता.

आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. दिवाळीच्या सुट्टीत मी म्हटलं, "चाल, खराखुरा समुद्र पाहून येऊ. कोकणात जाऊ."

"पाहून?"

"पाण्यात उभा राहशील. आवाज ऐकशील."

"आवाज मी तिकडं लय वर्षं ऐकला," तो म्हणाला. "तू जाय. आईले ने."

आई त्याला सोडून जाणार नव्हती, आणि आईला सोडून मी. कोणीच गेलं नाही. सुट्टी संपली आणि शाळा सुरू झाली.