मच्छिंद्राचा अल्बम आणि एसीचं बटण

मच्छिंद्र गांगुर्डे दोन मिनिटं एका जागी बसलेला मी कधी पाहिला नाही. चहासुद्धा उभ्यानं प्यायचा, आणि पिताना पायाचा अंगठा फरशीवर ठेका धरून असायचा. काही लोकांच्या पायाला भिंगरी असते. ह्याच्या मानेला, भुवयांनाही होती.

माझा मुलगा सदानंद कतारला अल वक्र्यात राहतो. दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे होतो. फुटबॉलचा विश्वचषक तीन महिन्यांवर आलेला. जिकडे बघावं तिकडे उकरलेले रस्ते, ओले रंग, आणि प्रत्येकाच्या तोंडी 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला, आटपा. सगळं गावच लग्नघर झालेलं, फक्त नवरदेव कुणी पाहिलेला नाही!

मच्छिंद्र आमचा शेजारी. वय चौपन्न, मूळचा नाशिकरोडचा, एका स्टेडियमच्या गार हवेच्या यंत्रणेवर सुपरवायझर. पण त्याची खरी ओळख गिटार. तीस वर्षांपूर्वी नाशिक-पुण्याची मेटल ऐकणारी पोरं ह्याला खांद्यावर घ्यायची म्हणे. मी सातवी शिकलेला, भजनात झांज वाजवलेला माणूस. मला ते मेटल म्हणजे गिरणीत दगड टाकल्यासारखं वाटायचं. आता त्यानं नवी मंडळी जमवली होती, नाव 'भट्टी'. हे हार्ड रॉक, असं तो सांगायचा. दगड तेच, पण खालून पीठ यायचं. मी भाजी निवडता निवडता त्यातलं एक गाणं गुणगुणायला लागलो तेव्हा सूनबाई सरोजच्या हातातलं उलथनं पडलं.

मंडळीत तिघंच. गिटारवर मच्छिंद्र. ड्रमवर राजापूरचा शफीक, टायरच्या दुकानात मॅनेजर, मनगटं अशी की टायर हातानंच काढत असावा. आणि गायला अंतरा, अल दुहैलच्या एका शाळेत शिकवणारी. तिचा आवाज सरळ छातीवर येऊन बसायचा.

अल्बममध्ये नऊ गाणी. आठ झाली होती, नववं होईना. कारण? मच्छिंद्र. प्रत्येक वेळी वाजवून झालं की म्हणायचा, "अजून एकदा." आमच्या गावी केरबा पखवाज्या होता. पखवाजाला कणीक लावून सूर जुळवायला बसला की इकडे आरती होऊन प्रसाद वाटला जायचा, तरी ह्याची कणीक चालूच. मच्छिंद्र त्यातलाच. तरुणपणी ह्याच हट्टापायी त्याच्या जुन्या मंडळीची कॅसेट निघाली नव्हती. एक गडी बँकेत लागला, एकाचं लग्न झालं, आणि रेकॉर्डिंग तसंच पडून राहिलं.

"आबा, ह्या वेळी नाही निघाला अल्बम, तर गिटार विकून टाकणार," तो मला म्हणाला. हसत नव्हता.

त्यात मच्छिंद्राच्या घरमालकानं निरोप धाडला. फुटबॉल बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तो राहायचा ती व्हिला हवी, शनिवारी दुपारी बाराला पलंग घेऊन माणसं येतील. मच्छिंद्राला राहायला कंपनीची खोली मिळाली, पण तिथं शेजाऱ्याचं घोरणंही ऐकू येतं. ड्रम कुठले वाजवणार! ह्या व्हिलाच्या मागच्या खोलीला गाद्या आणि अंड्यांचे ट्रे लावून त्यांनी आवाज कोंडला होता. म्हणजे शनिवारी बाराच्या आत नववं गाणं, नाहीतर नाहीच.

आता माझं काम सांगतो. रेकॉर्डिंग चालू असताना एसी बंद लागतो, नाहीतर त्याची घरघर माईकमध्ये शिरते. बाहेर बेचाळीस अंश. पाच मिनिटांत खोलीचा तंदूर व्हायचा, गिटारच्या तारा उतरायच्या, शफीकच्या हातातून काठ्या निसटायच्या. म्हणून बटणापाशी मला बसवलेलं. गाणं सुरू होताना बंद, संपलं की लगेच चालू. स्टेडियम गार करणारा माणूस स्वतः भाजून निघत होता, आणि त्याच्या गारव्याची चावी माझ्या हातात! मी खूश. गेल्या कित्येक वर्षांत मला एवढी जबाबदारी कुणी दिली नव्हती.

शनिवारी सकाळी आठपासून सुरू. तीन वेळा, पाच वेळा, नऊ वेळा.

"अजून एकदा."

"दादा, माझा खांदा आता माझा राहिला नाही," शफीक म्हणाला.

"टायर बदलतोस ना रोज?"

"टायर 'अजून एकदा' म्हणत नाही ओ!"

अंतरा भिंतीला टेकून पाणी पीत होती. "काका, पावणेबारा वाजले. आता शेवटचं."

मी एसी बंद केला. अंतरानं तोंड उघडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मच्छिंद्राचे डोळे मिटलेले, आणि काय सांगू, पाय स्थिर! पहिल्यांदाच. गाणं चढत चढत गेलं, शफीकनं शेवटचा दणका दिला, आणि एकदम शांत.

आमच्या भजनात गजर चढला, झांजा थांबल्या, की संपलं. मग पाणी, पान, तंबाखू. मी आनंदानं बटण दाबलं.

घर्रर्र.

गाणं संपलं नव्हतं. ती मधली थांबण्याची जागा होती. पुढं अजून मिनिटभर होतं. नऊही वेळा ते त्याआधीच कुठंतरी चुकून थांबले होते, म्हणून मला ती जागा ठाऊकच नव्हती.

"आबाऽऽ!" शफीक ओरडला.

मला वाटलं जमीन दुभंगावी. मच्छिंद्र वर छताकडे बघत राहिला. तेवढ्यात दाराची बेल. पलंगवाले दहा मिनिटं आधीच हजर! कतारमध्ये त्या वर्षी उशिरा येणं जणू बंदच झालेलं. शफीकनं हातापाया पडून पाहिलं, त्यांच्या म्होरक्यानं घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, "खलास." पलंगाचे लोखंडी पाय जिन्यावर आपटू लागले. त्या आवाजात ड्रमचा प्रश्नच मिटला.

"थांबण्यापर्यंत कसं झालंय?" मच्छिंद्रानं विचारलं.

अंतरानं हेडफोन कानाला लावून ऐकलं. "काका, इतकं चांगलं तुम्ही ह्या उन्हाळ्यात वाजवलं नाहीये."

"लॅपटॉप घे. गाडीत चल, उरलेलं तिथं करू."

"आणि मी?" शफीक म्हणाला.

"तुझे ड्रम मावतील का गाडीत?"

त्याची गाडी उन्हात उभी होती. काचा बंद, इंजिन बंद. पुढं मच्छिंद्र गिटार लॅपटॉपला जोडून, मागं अंतरा माईक धरून. मी दार उघडायला गेलो.

"आबा, तुम्ही बाहेर! आणि कशालाही हात लावायचा नाही."

मी आणि शफीक भिंतीच्या सावलीत उभे. "माझे ड्रम खाल्लेत आबा तुम्ही," तो म्हणाला. काचेआड दोघांची तोंडं लाल झालेली. मिनिट झालं. दोन झाली. दार उघडलं, अंतरा भिजलेली बाहेर पडली आणि शफीकच्या कानाला हेडफोन लावला. तो ऐकत राहिला, मग मीही ऐकलं. दणक्यानंतर ती शांतता, मग नुसती एक गिटार आणि तिचा दमलेला आवाज.

"इथं ड्रम नकोतच," शफीक बारीक आवाजात म्हणाला. त्याला ते म्हणताना किती जड गेलं, ते मी पाहिलं.

मच्छिंद्र स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता. तिघंही वाट बघत होतो, आता म्हणतो, मग म्हणतो. त्याचे ओठ हललेसुद्धा. मग त्यानं लॅपटॉप मांडीवर ओढला आणि नऊच्या नऊ गाणी मिक्सिंग करणाऱ्याकडे पुण्याला धाडून दिली. "गेली," म्हणाला.

उतरला, आणि त्या मरणाच्या उन्हात गाडीभोवती फेऱ्या घालू लागला. एक, दोन, पाच. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यानं पलंगवाल्यांच्या हातातल्या एका पलंगाचं एक टोक धरलं आणि त्यांच्याबरोबर जिना चढायला लागला.