चार वाजताची बेल

माझी आत्या परत आलेली नाही.

फॅमिली ग्रुपवरच्या सगळ्यांनी कृपया नोंद घ्यावी, आणि नागपूरपर्यंत पोचलेली बातमी आता आवरावी.

आज तिला जाऊन महिना झाला. तिच्याबद्दल चार शब्द लिहायचे तर आधी हे साफ करावं लागून राहिलं. तिला खूप हसू आलं असतं.

सुधाआत्या. माझ्या बाबांची मोठी बहीण. जन्म जबलपूरचा, नोकरी जबलपूरची, बाहेर हिंदी आणि घरात आमचं हे असं मराठी. बँकेत चेकवरच्या सह्या जुळवण्यात तिची अख्खी सर्व्हिस गेली.

म्हणायची, "खरी सही दुसऱ्यांदा पाहिली म्हणून खोटी होत नाही. मग पाहायला काय जाते?"

हेच ती सगळ्यांना लावायची. भुताला, बाबाला, व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डला.

माझा भाऊ शाळेत होता तेव्हा त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. डॉक्टर म्हणाले, आजच ॲडमिट करा. आई त्याला घेऊन निघाली कुंडमच्या रस्त्यावर कावीळ झाडून उतरवणाऱ्या एका बाबाजींकडे. मीही सोबत होते. आत्या बिनबोलावता गाडीत येऊन बसली.

तिथले बाबाजी पेशंटच्या हाताला कसला तरी पाला चोळायचे, मग चुन्याच्या पाण्यानं हात धुवायचे. पाणी पिवळंधमक व्हायचं.

"देखो, पीलिया उतर रहा है।"

आई हात जोडून रडायला लागली.

आत्यानं बांगड्या मागे सारल्या. "भैया, अब मेरे हाथ।"

"दीदी, आपको तो कुछ हुआ नहीं है।"

"इसीलिए तो।"

पाला चोळला, हात धुतले. पाणी पुन्हा पिवळंधमक.

आत्या आईकडे वळली. "वहिनी, मलाही पीलिया झाला वाटते. चलो, दोघांनाही ॲडमिट कर."

बाबाजींना ती एक वाकडा शब्द बोलली नाही. गाडीत मी विचारलं, "ते कसं करतात गं?"

"मला काय माहीत? माझ्या हातानंही पाणी पिवळं होते, एवढं पाहिलं. जेवढं पाहिलं तेवढंच बोलावं."

भावाला वेळेत सलाइन लागली. तोच भाऊ आज पुण्यात बसून "आत्या घरी येते" म्हणून फॉरवर्ड करून राहिला. काय बोलावं आता!

तर, बेल.

जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यात आत्याचं घर आमच्या मागच्या गल्लीत. चार वाजले की ती चहाला यायची. शेवटच्या दिवशीही आली. आई दुपारची झोपली होती. उठून पाहते तर दाराच्या कडीला पेरूची पिशवी.

"ताई येऊन गेल्या वाटते. उद्या सांगते त्यांना, पेरू गोड निघाले म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या गेली. झोपेतच, हार्टनं.

आईनं तेव्हापासून एकच धरलं. "ताई बेल वाजवून वाजवून गेल्या, आणि मी लोळत पडले होते."

तेरा दिवस माणसांची ये-जा, दार उघडंच असायचं. तेरावा झाला, दार बंद झालं, आणि बेल वाजायला लागली. जवळजवळ रोज, चार वाजता. उघडून पाहावं तर कोणी नाही.

गुरुजींनी फोनवरच सांगून टाकलं, "चहाची इच्छा राहिली आहे. आत्मा अडकलाय. शांती करावी लागेल."

मग काय! आई उंबऱ्यावर चहाचा कप ठेवायला लागली. स्वतः मात्र धड जेवेना.

आणि खोटं काहून बोलू, मलाही वाटलं. एकदा बेल वाजली तशी मी "आले, आत्या!" म्हणून धावले. दार उघडलं. रिकामा जिना. इतकं रडू आलं की बस.

पण रडता रडता तिचंच बोलणं आठवलं. पाहायला काय जाते?

मग पाहिलं.

वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. त्यांनी वायरलेस बेल लावली. आमचीही तशीच, त्याच दुकानातली. त्यांची मुलगी चार वाजता शाळेतून येते.

रविवारी सकाळी तिला म्हटलं, "बेटा, ज़रा अपनी घंटी बजाना।"

तिनं वर बटण दाबलं. खाली आमच्या हॉलमध्ये बेल वाजली.

आई माझ्या मागेच उभी होती. पुढे होऊन तिनं आपल्या दाराचं बटण दाबलं.

काहीच नाही.

पुन्हा दाबलं. काहीच नाही.

दूधवाले भैया जिन्यात होते. म्हणाले, "आंटी, ये तो दीदी के जाने के दो-चार दिन पहले से बंद है। मैं इसीलिए तो दरवाज़े की कड़ी खटखटाता हूँ।"

आई उंबऱ्यावर बसली.

"म्हणजे ताईंनी दाबली, अन् वाजलीच नाही?"

"नाही वाजली, आई. तू झोपलीस म्हणून ऐकू आलं नाही असं नाही. आवाज झालाच नव्हता."

ती रडली. पहिल्यांदा मोकळं रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "भूक लागली गं."

लोक म्हणतात, शंका घेणारी माणसं कोरडी असतात. माफ करा, मी नाही मानत. गुरुजींचं ऐकून माझी आई रोज जळत होती. आत्याच्या सवयीनं ती जेवली.

वरच्यांनी आता बेल बदलली. आमच्या बटणात मी नवा सेल टाकला.

आज चार वाजता बेल वाजली नाही.

आईनं तरी दोन कप चहा केला. एक तिनं घेतला, एक मी.

आत्या, तू येणार नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून इथंच लिहिते. तुला सांगायचं राहून गेलं होतं.

पेरू गोड होते.

तुला मनापासून नमस्कार. येते मी.