सुई थांबली ती जागा

रूथबाई गेल्याचं मला एसटीत कळलं. गुरुवार होता. मी बाभळेश्वरहून कोल्हारला परत येत होते, मांडीवर रिकामी पिशवी होती. शेजारच्या शकीलाभाभीचा फोन आला. "सिंधू, बाई गेल्या गं. दुपारी जेवून उठल्या आन् पडल्या, त्या पडल्याच..." गाडीत आवाज फार होता म्हणून तिनं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर नीट कळलं. खरं लिहायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा एवढंच आलं, की सुटले. रडू नंतर आलं. आणि रडू येण्याच्या आधी मी भाभीला विचारलं, "त्यांची वही कुठं हाय?" ती म्हणाली, "कसली वही? येडी झाली का तू?" आता दोन महिने होत आले. जी बाई मला कधी वाकडा शब्द बोलली नाही, तिच्या मरणाची बातमी ऐकून मी वहीची चौकशी केली, हे माझ्या मनातून जात नाही.

रूथबाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर वारला, मुलगा दानियल पुण्याला. माझ्या घरापासून दोन घरं सोडून, एसटी थांब्यासमोर त्यांचं घर. नगरच्या एका साप्ताहिकात त्यांची गोष्ट क्रमशः यायची, 'तीन विहिरींची वाडी'. मी चौथीपर्यंत शिकलेली, छापलेलं वाचायला मला वेळ लागतो. पण ती गोष्ट छापून येण्याआधी ऐकणारी मी एकटी होते. मी गोधड्या शिवते. शुक्रवारी दुपारी मी गोधडी घेऊन त्यांच्या ओसरीत सतरंजीवर बसायची आणि त्या नवा भाग मोठ्यानं वाचायच्या. कसं वाटलं असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी "चांगलं हाय" एवढंच म्हणाले असते, कारण मला चारचौघांत काय, दोघांतसुद्धा बोलता येत नाही. त्या माझ्या हाताकडं बघायच्या आणि मधेच एका वहीत काहीबाही टिपून ठेवायच्या. वाचता वाचता माझी सुई थांबली, की समजायचं गोष्ट धरली. शेवटपर्यंत धावदोरा चालूच राहिला, की तो भाग फाडायचा. "तोंडावर लोक खोटं बोलतात, सिंधू," त्या म्हणायच्या, "सुईला ते जमत नाही." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपल्यासारखीचा कुणाला असा उपयोग होतो, म्हणून.

त्यांच्या गोष्टीत दर आठवड्याला तीन गोष्टी ठरलेल्या. सुरुवातीला पारूआजी अंगण झाडायची आणि केरात तिला कुणाचं तरी हरवलेलं काहीतरी सापडायचं. मध्ये पोपटतात्या नावाचा माणूस धावत यायचा आणि चुकीची बातमी सांगून जायचा. शेवटाला गोदा नावाची बाई, दर मंगळवारी, फडक्यात बांधलेला डबा घेऊन एसटीत चढायची आणि रिकाम्या हातानं परत यायची. डबा कुणाला, डब्यात काय, ते कधी सांगितलेलं नसायचं. मी एकदा धीर करून म्हणाले, "बाई, तेच तेच कशाला?" तर त्या म्हणाल्या, "वाचणारा सात दिवसांनी परत येतो. मधे त्याची कामं, दुखणी, भांडणं. मागचं अर्धं तो विसरलेला असतो. दारात ओळखीचं कुणी उभं असलं, की त्याला आत यावंसं वाटतं. पण अगदी तेच ठेवलं तर कंटाळतो. म्हणून डबा तोच ठेवायचा, आणि फडकं बदलायचं." आणि खरंच, कधी फडकं ओलं असायचं, कधी दोन गाठी मारलेल्या, एकदा तर गाठ सुटून गोदा गाडीत मांडीवर डबा दाबून बसली होती. लोक फडक्यावरून भांडायचे. थांब्यावर बायका बोलायच्या, "आता गाठ का सुटली असंल?" "नवरा आडवा आला असंल, दुसरं काय!"

पण मला तो डबा पहिल्या दिवसापासून खुपला. कारण दर गुरुवारी मीच एक डबा घेऊन एसटीत चढते. आज लपवण्यासारखं राहिलेलं नाही, म्हणून लिहिते. मला दोन मुली आणि एक मुलगा. धाकटी मनीषा पाच महिन्यांची असताना सासूबाईंनी ती माझ्या नणंदेच्या ओटीत घातली. नणंदेला मूल नव्हतं. त्या दिवशी नणंद म्हणाली, "सिंधू, तुझ्या तोंडून कधी निघालं, तर माझं दार तुला बंद." मी मान हलवली. मनीषा मला मामी म्हणत वाढली. तिला हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे आवडतात, म्हणून आधी राहात्याला नणंदेकडं आणि तिचं लग्न झाल्यावर बाभळेश्वरला, असा माझा गुरुवार चालू राहिला. आठवड्यातला तो एक तास माझा. तो जाऊ नये एवढंच मला हवं होतं.

मग बाईंना हे कुणी सांगितलं? सासूबाई गेल्या, मालक गेले. माझ्या मुलांनाही माहीत नाही, ती लहान होती. नणंद सांगणार नाही. बाईंची खिडकी मात्र थांब्याकडं उघडते. मला वाटलं, बाई पाळत ठेवतात. गुरुवारचा मंगळवार केलाय तो मला कळू नये म्हणून. त्या दिवसापासून मी डबा फडक्यात न बांधता पिशवीत नेऊ लागले. त्याच आठवड्यात कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, पिशवीत डबा हाय वाटतं? त्या गोष्टीतल्या गोदाबाई तुमीच का काय!" सगळी गाडी हसली. मी पिशवी सीटखाली सरकवली. आणि बाभळेश्वरला गेले तर मनीषानं त्या गोष्टीचं छापील पान कापून पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलेलं. माझ्या हातातून शेंगोळ्यांचा डबा घेत म्हणाली, "मामी, त्या बाई तुमच्या शेजारच्याच ना? विचारा की एकदा, गोदा काय न्हेती ते. मला लई घोर लागलाय." रात्री नणंदेचा फोन. "त्या मास्तरनीला तू काय बोललीस?" "काय न्हाई वन्सं, शपथ." "मग तिला सपान पडलं व्हय?"... नणंद माझ्यावर संशय घेत होती, मी बाईंवर, आणि शुक्रवारी पुन्हा गोधडी घेऊन त्यांच्याच ओसरीत जात होते. न जाऊन कसं चालेल? पुढच्या रविवारी काय छापून येणार, ते मला दोन दिवस आधी कळायला हवं होतं.

एका भागात त्यांनी डबा घेतलाच नाही. मी इतकी हलकी झाले की बोटभर टाके हां हां म्हणता पडले. बाईंनी चष्मा काढला. "हा भाग मेला," म्हणाल्या आणि कागद फाडला. दुसऱ्या दिवशी नवा भाग लिहून आणला, डब्यासकट. तेव्हा मी ठरवलं, आता डबा आला तरी सुई थांबू द्यायची नाही. पुढच्या शुक्रवारी गोदा एसटीत चढली आणि मी मान खाली घालून टाका, टाका, टाका घालत राहिले. वाचून झालं. उठायला गेले तर गोधडी माझ्याबरोबर उठली. मी माझा पदर गोधडीला शिवून टाकला होता, चांगला वीतभर. बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. कात्री आणून त्यांनीच दोरा कापला. मी पण हसले. पण दोरा कापत असताना त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, तसं त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं. मी घरी येऊन दार लावून बसले.

गोष्ट संपत आली होती. साप्ताहिकात छापून आलं होतं की लवकरच डबा उघडणार. मग मात्र मला राहवेना. मी विचारलं, "बाई, डब्यात काय निघनार?" त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "तूच सांग." झालं. मला वाटलं, यांना सगळं माहीत आहे आणि आता माझ्या तोंडून काढून घेताहेत. मी गोधडी गुंडाळली, येते म्हणाले नाही, चपला घातल्या आणि निघाले. पुढच्या शुक्रवारी गेलेच नाही. शकीलाभाभी म्हणाली, बाई ओसरीत बसून वाट बघत होत्या. त्यानंतरच्या गुरुवारी त्या गेल्या.

दफनविधीला मनीषा आली होती, नणंदही. नणंद सगळा वेळ मला चिकटून उभी होती, मी कुणाशी बोलते ते बघत. चार दिवसांनी दानियलनं मला बोलावलं. टेबलावर वह्या होत्या. तो म्हणाला, "सिंधूमावशी, या वहीत पानोपानी तुमचं नाव आहे. काय भानगड आहे?" मी वहीवर हात ठेवला. त्याला म्हटलं, मला हळू वाचता येतं, घरी न्यायला दे. त्यानं वही दिली, झाडांना पाणी घालायला घराची किल्लीही दिली आणि पुण्याला गेला.

दोन दिवस मी वही उघडली नाही. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सगळ्यात आधी लिहिलं होतं, "खिडकीतून. एसटीकडे जाणारी बाई, डबा फडक्यात. डोक्यावर पदर, तोंड दिसलं नाही." त्याच्या खाली, "पारूआजी, चमचा सापडतो. सिंधूची सुई चालू. पोपटतात्या. हसली, सुई चालू. डबा. सुई थांबली. ठेवायचा." पुढच्या पानावर, "डबा. पुन्हा थांबली." पुढं तसंच. "डबा काढून पाहिला. सुई पळाली. पुन्हा लिहिणे." मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. बाईंना काहीच माहीत नव्हतं. तो डबा एकदा येऊन गेला असता आणि लोक विसरले असते. मी दर शुक्रवारी घाबरले, म्हणून तो दर रविवारी आला. माझ्याच हातानं मी तो गोष्टीत टिकवून ठेवला होता. मग पदराचा दिवस आला. "आज पदर शिवला. काहीतरी आहे. विचारायचं नाही." आणि अगदी शेवटी, "सगळे विचारतात डब्यात काय. मला माहीत नाही. सिंधूला माहीत आहे. ती सांगेपर्यंत उघडायचा नाही."

विचारायचं नाही, हे त्यांनी माझ्यासाठी ठरवलं की गोष्टीसाठी? मला अजून उलगडलेलं नाही. मला माणसावर पटकन विश्वास ठेवता येत नाही, हा माझा दोष आहे. पण त्या वाट बघत बसल्या होत्या, एवढं खरं. आणि मी चपला घालून निघून आले होते.

पुढच्या गुरुवारी बाभळेश्वरला गेले. मनीषा ओट्यापाशी शेंगोळे पातेल्यात काढत होती. म्हणाली, "आता कोन सांगनार वो मामी, डब्यात काय हुतं? बाई तर गेल्या."

मी म्हणाले, "बाईंना ठावंच नव्हतं."

"मग कुनाला?"

"मला."

"सांगा की मग!" ती हसत होती.

"शेंगोळे असत्यात. तिनं पोरगी दुसऱ्याच्या ओटीत दिलेली असती. आई म्हनून जाता येत न्हाई, मग डबा घिऊन जाती."

"अगं बया, मामी! तुमी तर बाईंच्या वरताण..." एवढं बोलून ती थांबली. हातातल्या डब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान खाली घातली नाही, ते आयुष्यात पहिल्यांदाच. तिनं डबा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला आणि पिशवी माझ्या हातात दिली. "तुमची बस चुकंल," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तीन गुरुवार मी गेले नाही. नणंदेचा फोन आला, "शेवटी बोललीसच," आणि कट झाला. मला वाटलं, संपलं. मग एका दुपारी मनीषाचा फोन. हाक नाही, काही नाही. "मला न्हेलं तवा सकाळ हुती का दुपार?" मी म्हणाले, "सकाळ. मी भाकरी टाकत हुते." "आई पन सकाळच म्हनली," ती म्हणाली आणि फोन ठेवला. म्हणजे ती दोघींना वेगवेगळं विचारून ताडून बघत होती. पोरगी माझीच आहे. आठवड्यानं पुन्हा. "मी रडले का?" "न्हाई. तू झोपली हुतीस. मी बी रडले न्हाई. नंतर रडले." या वेळी तिनं फोन लगेच ठेवला नाही.

काल तिसऱ्यांदा आला. "आनखी एक विचारायचंय. पन फोनवर न्हाई. मी उद्या येते. तुमच्या घरी नको, तिथं समदे असत्यात." मी तिला बाईंच्या घरी यायला सांगितलं. काय विचारणार ते मला माहीत आहे. तिघांतली मीच का, असंच विचारेल. त्याचं उत्तर मी आजवर स्वतःलाही दिलेलं नाही. ती ऐकून घेईल की पिशवी हातात देईल, तेही कळत नाही.

आज सकाळी ओसरी झाडली. बाईंची वेताची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, ती पुढं ओढली. खुर्चीचा उजवा हात टेकून टेकून गुळगुळीत झालाय, मागं त्यांच्या पाठीचा खळगा आहे. त्या गेल्यापासून तिच्यात कुणी बसलेलं नाही, मीही नाही. ओल्या फडक्यानं पुसली. मनीषा तिच्यात बसेल. मी खाली सतरंजीवर, माझ्या जागेवर. गोधडी घरी ठेवून जाणार आहे. तिला माझ्या हाताकडं बघावं लागू नये.